पंपाच्या इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि सीट: घासण्याआधी, घासताना आणि घासल्यावर

"तीनदा घासून घेतलं की ओ, तरी दम धरत नाही." कडोलीच्या एका काकांनी मार्कंडेयकाठच्या मळ्यातलं पंपाचं इंजिन आणून ठेवलं आणि हे सांगितलं. दम म्हणजे कॉम्प्रेशन, सिलिंडरमध्ये कोंडलेल्या हवेचा दाब. हेड उतरवलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या तिरक्या कडेवर नख अडकेल एवढी गोल खाच पडली होती. सीट, म्हणजे व्हॉल्व्ह जिच्यावर टेकतो ती कडी, घासून घासून पसरट झाली होती. गॅप (व्हॉल्व्हच्या दांडीचं टोक आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली फट) बघायला फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या पात्यांच्या जुडग्यातली, सगळ्यात पातळ पाती घातली, तर तीही आत गेली नाही.

म्हणजे व्हॉल्व्ह सीटवर घासायची पेस्ट तीन वेळा लावली आणि तिन्ही वेळा गॅप बघायची राहिली. व्हॉल्व्ह घासला की तो सीटमध्ये थोडा खोल बसतो. खोल बसला की त्याच्या दांडीचं टोक तेवढंच पुढे येतं आणि गॅप कमी होते. इंजिन तापल्यावर दांडी लांबते, गॅप संपते आणि व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकतच नाही. त्या फटीतून जळता वायू सुटतो आणि पंधरा दिवसांत कड पुन्हा करपते. मालकाला वाटतं घासणं कमी पडलं, म्हणून तो आणखी घासतो. आपल्याकडे निपाणीपासून खानापूरपर्यंत ही चूक इतक्या वेळा बघितली, की सगळं काम क्रमाने लिहून काढावंसं वाटलं.

हे दीड-दोन इंची पंप, पॉवर वीडर आणि छोटा जनरेटर यांच्या एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनांसाठी आहे. त्यात दोन जाती आहेत. हेडवर पत्र्याचं झाकण आणि त्याखाली रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे झुलते पट्टे) असतील तर व्हॉल्व्ह हेडमध्ये आहेत. हेड म्हणजे नुसतं पंखे (वाऱ्याने गार होणाऱ्या उभ्या पट्ट्या) असलेलं प्लगचं झाकण असेल, तर व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्ये उभे असतात. पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायची बरीच जुनी इंजिनं या दुसऱ्या जातीची आहेत. त्यांना साइड व्हॉल्व्ह म्हणतात.

१. हेड खोलण्याआधी: खरंच व्हॉल्व्ह गळतोय का?

इंजिन पूर्ण थंड असू द्या. शक्यतो रात्रभर ठेवून सकाळी काम धरा.

पहिली तपासणी गॅपची. रॉकरवाल्या इंजिनाचं झाकण चार बोल्टवर निघतं, त्याला पाच मिनिटं लागतात. गॅप शून्य निघाली तर ती नीट लावून दोरी ओढून बघा. दम परत आला आणि इंजिन भाराखाली नीट चाललं, तर हेड उतरवायची गरज नाही. असे कित्येक पंप हेडला हात न लावता परत पाठवले आहेत.

तरीही दम नसेल तर गळती कुठे आहे ते हवा भरून शोधा. जुन्या प्लगची चिनी माती फोडून काढा आणि त्याच्या लोखंडी भागावर सायकलच्या ट्यूबचा वॉल ब्रेझ करून घ्या. हा अडॅप्टर प्लगच्या जागी बसवा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला, बरोबर वर आणा आणि पायपंपाने हवा भरा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनलेट. ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा. हेडच्या कडेने आली तर गॅस्केट, तिथे साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे दिसतात.

सावधान: पिस्टन जरा जरी टोकापासून सरकलेला असेल तर हवा त्याला ढकलते आणि फ्लायव्हील झटक्याने फिरतं. बोटं, दोरी, पाना काहीही तिथे ठेवू नका. कॉम्प्रेसरची भरलेली टाकी थेट जोडू नका.

एक खुलासा इथेच करतो. बऱ्याच इंजिनांच्या कॅमवर (व्हॉल्व्ह उघडायला लावणाऱ्या फिरत्या दांड्यावर) दोरी हलकी ओढली जावी म्हणून एक यंत्रणा असते. ती सावकाश फिरवताना कॉम्प्रेशनच्या वेळी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरते. त्यामुळे हाताने हळू फिरवताना सायलेन्सरमध्ये थोडी फुस्स ऐकू आली, म्हणून लगेच व्हॉल्व्ह खराब ठरवू नका. कॉम्प्रेशन गेजचा आकडाही याच कारणाने अशा इंजिनावर कमी येतो.

२. तयारी

फिलर गेज, व्हर्नियर, टॉर्क रेंच, रबरी कपाची काठी, बारीक आणि जाड अशी दोन्हीकडून उघडणारी ग्राइंडिंग पेस्टची डबी, रॉकेल किंवा डिझेल, सुती कापड, नवं हेड गॅस्केट. गॅस्केट आधी आणा. जुनंच परत बसवू असं ठरवून काम सुरू केलं की ते जुनंच बसतं, आणि पुढे हवा कुठून जाते ते पुन्हा शोधत बसावं लागतं.

पुठ्ठ्याचा एक तुकडा घ्या आणि त्यावर हेडचा आकार काढून बोल्टच्या जागी भोकं पाडा. निघालेला प्रत्येक बोल्ट त्याच भोकात खोचून ठेवा, कारण काही इंजिनांत बोल्टची लांबी वेगवेगळी असते. दोन डब्या घेऊन एकीवर 'आत', दुसरीवर 'बाहेर' लिहा. इनलेटचे सगळे भाग आतच्या डबीत, एक्झॉस्टचे बाहेरच्या. मोबाइलवर फोटो काढाच, पण फोटोच्या भरवशावर भाग एकत्र टाकू नका.

इंजिन खोलण्याआधी बाहेरून धुऊन वाळवा. पावसाळ्यात खानापूरकडून आलेल्या इंजिनाच्या पंख्यांत तांबडी माती आणि भाताचा पेंढा घट्ट बसलेला असतो. तो काढणं हे नुसतं स्वच्छतेचं काम नाही. पंख्यांतून वारा गेला नाही तर हेड तापतं, आणि व्हॉल्व्ह करपायचं ते एक मोठं कारण आहे.

३. उतरवणे

प्लग काढा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले राहतात आणि रॉकरवर ताण नसतो. हेडचे बोल्ट आडव्या-तिडव्या क्रमाने आधी अर्धा-अर्धा वळसा सैल करा, मग काढा. एका बाजूने सरळ काढत गेलात तर ॲल्युमिनियमचं हेड वाकू शकतं. पुशरॉड (खालून रॉकरला ढकलणारी दांडी) कुठला कुठला ते खूण करून ठेवा.

हेड चिकटलेलं असेल तर लाकडी ठोकळ्याने कडेवर हलके ठोका. स्क्रूड्रायव्हर फटीत घालून उचकटू नका. त्याचा एक ओरखडा पुढे कायमची गळती होतो.

आता व्हॉल्व्ह. होंडाच्या जीएक्स १६० सारख्या इंजिनात दोन तुकड्यांचे कॉटर (स्प्रिंगची टोपी दांडीवर अडकवणाऱ्या पाचरी) नसतात. स्प्रिंगच्या टोपीला चावीच्या भोकासारखी खाच असते. हेडखाली व्हॉल्व्हच्या डोक्याला आधार देऊन टोपी अंगठ्यांनी दाबायची आणि बाजूला सरकवायची, दांडी मोठ्या भोकातून सुटते. हे काम हेड इंजिनावर असताना करू नका, व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडतो. एक्झॉस्टच्या दांडीच्या टोकावर एक छोटी टोपी (रोटेटर) असते. ती ऑइलला चिकटून कुठेतरी जाते आणि जोडताना आठवते. निघाली की लगेच 'बाहेर' डबीत टाका.

साइड व्हॉल्व्हला स्प्रिंगा ब्लॉकच्या बाजूच्या छोट्या झाकणामागे असतात. झाकण काढल्यावर खाली क्रँककेसमध्ये जाणारी ऑइलची भोकं दिसतील. कॉटरला हात लावण्याआधी त्यांत कापडाचा बोळा घट्ट बसवा. कॉटर आत पडला तर सगळं इंजिन खोलावं लागतं.

४. साफ करणे आणि निवाडा

कार्बन रॉकेलमध्ये भिजवून, लाकडाच्या किंवा पितळेच्या पट्टीने काढा. हॅक्सॉचं पातं ॲल्युमिनियमवर आणि सीटवर चालवू नका.

आता घाई नको. उजेडात बसून प्रत्येक व्हॉल्व्ह बघा. पुढचं सगळं काम इथल्या निर्णयावर अवलंबून आहे.

दांडी काचेच्या तुकड्यावर ठेवून लोळवा. डोकं डुगडुगलं तर दांडी वाकली आहे, व्हॉल्व्ह टाका. दांडीवरून नख फिरवा. गाइडमध्ये (दांडी जिच्यात वरखाली सरकते त्या नळीत) चालणारा भाग आणि न चालणारा भाग यांच्यामध्ये पायरी लागली तर ती झिजली आहे.

तिरक्या कडेच्या वर, डोक्याच्या परिघाला एक छोटी उभी कड असते. ती अर्ध्या मिलिमीटरहून कमी उरली असेल तर तो व्हॉल्व्ह ठेवू नका. कड धारदार झाली की ती निखाऱ्यासारखी लाल होते, इंजिन ठिणगीच्या आधीच पेट घेतं आणि व्हॉल्व्ह चिरतो. तिरक्या कडेवर खाच असेल, चीर असेल, एका जागी वितळल्यासारखा ओघळ असेल तर तोही टाका. खोल खाच पेस्टने जात नाही. पेस्ट व्हॉल्व्ह आणि सीट दोन्हींना सारखंच खाते, म्हणून व्हॉल्व्हची खाच काढता काढता सीट रुंद होते. नवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसवणं स्वस्त पडतं, हे मी गिऱ्हाइकाला दरवेळी सांगतो.

बारीक काळे ठिपके, हात फिरवल्यावर न लागणारे, एवढं असेल तर घासून निघतं.

मोटरसायकलच्या इंजिनावर हीच कृती आपणहून लावू नका. काही नव्या गाड्यांच्या व्हॉल्व्हवर मुलामा असतो. तो घासला की व्हॉल्व्ह संपला.

स्प्रिंगची मोकळी लांबी व्हर्नियरने मोजा. जीएक्स १६० ला ती नवी असताना ३४ मिलिमीटर असते, ३२.५ च्या खाली गेली की बदलायची. हेडचा तळ पोलादी पट्टी ठेवून फिलर गेजने तपासा. ०.१० मिलिमीटरची पाती कुठे शिरली तर हेड वाकलं आहे.

५. गाइड आधी, सीट नंतर

या दोन कामांचा क्रम उलटला तर सगळा खर्च पाण्यात जातो.

ऑइल लावून व्हॉल्व्ह गाइडमध्ये घाला, सेंटीमीटरभर वर उचला आणि डोकं बाजूला हलवा. जाणवेल इतकं डगडगत असेल तर गाइड झिजलं आहे. सीट कापायच्या हत्याराची दांडी याच गाइडमध्ये बसते. गाइड ढिलं असताना कापलेली सीट तिरकी जाते. मग व्हॉल्व्ह थंडीत बसतो, तापल्यावर दुसरीकडे बसतो.

सीट हेडमध्ये दाबून बसवलेली वेगळ्या धातूची कडी असते. तिच्या बाहेरच्या कडेने काळी रेघ आली असेल, किंवा ठोकल्यावर आवाज बद्द येत असेल, तर कडी सैल आहे. भोवतालचं ॲल्युमिनियम पंचने ठोकून ती पक्की करण्याचा प्रकार मी बघितला आहे. तो टिकत नाही. सुटलेली कडी पिस्टनवर आपटते.

सीटवर खड्डे असतील किंवा ती रुंद झाली असेल तर ती कापून घ्यावी लागते. बेळगावात उद्यमबागेत हे काम करणारे मिळतात. तिथे जाताना नवा व्हॉल्व्ह सोबत न्या आणि नेमकं काय हवं ते सांगा: मुख्य कोन ४५ अंश, वरून ३२ आणि आतून ६० अंशाने कापून टेकायची पट्टी अरुंद करायची. पट्टी व्हॉल्व्हच्या तिरक्या कडेच्या मधोमध यायला हवी. जीएक्स १६० ला ती नवी असताना ०.८ मिलिमीटर असते आणि २ मिलिमीटरच्या पुढे गेली की चालत नाही. साधारण एक मिलिमीटर धरून काम करून घ्या. फार अरुंद पट्टीही नको. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता याच पट्टीतून हेडला जाते. फार रुंद झाली तर दाब विभागला जातो आणि कार्बनचा कण तिथेच अडकून बसतो.

तपासणी: काम परत घेताना तिथेच मार्करची शाई कडेवर लावा, व्हॉल्व्ह एकदा हलका दाबून थोडासा फिरवा आणि काढा. सीटवर सलग गोल उमटला पाहिजे. अर्धाच उमटला तर ते हेड घरी आणू नका.

६. घासणे

ही सगळी उठाठेव झाल्यावर घासायला फार वेळ लागत नाही. लागत असेल तर आधीच्या टप्प्यात काहीतरी राहिलं आहे.

साइड व्हॉल्व्हचं काम ब्लॉकमध्येच होतं, म्हणून सिलिंडरचं तोंड कापडाने झाका आणि खालच्या भोकांतले बोळे आहेत ना ते पुन्हा बघा.

दांडीला स्वच्छ ऑइल लावा. तिरक्या कडेवर बारीक पेस्टचे मोहरीएवढे तीन-चार ठिपके द्या, जास्त नको. जास्त पेस्ट दांडीवरून ओघळते आणि व्हॉल्व्हआधी गाइड घासलं जातं. जाड पेस्ट फक्त ठिपके असतील तर वापरा, थोडा वेळच, आणि पुसून मग बारीक.

काठीचा कप डोक्यावर चिकटवा आणि दोन्ही तळव्यांत धरून ताक घुसळल्यासारखी उलटसुलट फिरवा. दाब काठीच्या वजनाहून थोडाच जास्त. आठ-दहा हेलकावे झाले की व्हॉल्व्ह उचला, पाव वळसा पुढे नेऊन टेकवा आणि पुन्हा फिरवा. उचलणं चुकवू नका. न उचलता एकाच जागी फिरवलं की गोल चरे पडतात आणि त्या चऱ्यांतूनच हवा जाते.

कान द्या. सुरुवातीला खरखर येते, वाळूवरून चप्पल ओढल्यासारखी. मग आवाज मऊ होतो आणि हाताला व्हॉल्व्ह गुळगुळीत फिरल्यासारखा लागतो. तिथे थांबा. पुसून बघा. व्हॉल्व्हवर आणि सीटवर एकसारखा, राखाडी, मंद रंगाचा सलग पट्टा दिसला की काम झालं. कुठे चकचकीत खंड राहिला असेल तर आणखी एकदा.

सावधान: काठी ड्रिल मशीनला जोडू नका. ड्रिल एकाच दिशेने फिरतं, उचललं जात नाही, आणि दोन मिनिटांत खाच पाडतं. घासून जोडी लागलेला व्हॉल्व्ह त्याच सीटचा, तो दुसरीकडे जाणार नाही.

७. धुणे

घासण्यापेक्षा धुण्याला जास्त वेळ द्या. सुरुवातीच्या वर्षांत एका जनरेटरचं हेड मी नुसतं कापडाने पुसून बसवलं होतं. महिन्याभरात इंजिन निळा धूर काढत परत आलं. सिलिंडरवर उभे ओरखडे होते, रिंगा संपल्या होत्या. गाइडच्या भोकात उरलेली पेस्ट ऑइलबरोबर सगळीकडे गेली होती. बोअर करून नवा पिस्टन घालण्याचा खर्च मी सोसला.

आधी रॉकेलने, मग गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने. गाइडमधून कापडाची पट्टी आरपार ओढा आणि ती पांढरी निघेपर्यंत ओढत राहा. वाळल्यावर सीट आणि गाइडला ऑइलचा हात लावा, नाहीतर रात्रीत गंज धरतो. ब्लॉकवर पाणी नको. तिथे रॉकेलच्या कापडाने पुन्हा पुन्हा पुसा, आणि बोळे शेवटी काढा.

८. जोडण्याआधी दोन चाचण्या

पेन्सिलीने सीटवर आडव्या आठ-दहा रेघा ओढा. व्हॉल्व्ह टेकवून दाबा आणि पाव वळसा फिरवा. सगळ्या रेघा तुटल्या पाहिजेत. एक जरी अखंड राहिली तर तिथे व्हॉल्व्ह टेकत नाही.

हेडमधल्या व्हॉल्व्हला स्प्रिंगा चढवून, प्लग बसवून हेड उलटं ठेवा आणि खोलगट भागात रॉकेल ओता. पाच मिनिटांनी इनलेट आणि एक्झॉस्टच्या तोंडांत बोट घालून बघा. कोरडं हवं. पेट्रोलने ही चाचणी करू नका, आणि करताना विडी-काडी जवळ नको.

९. गॅप

साइड व्हॉल्व्हमध्ये गॅप लावायला स्क्रू नसतो. दांडीचं टोक घासूनच ती वाढवावी लागते. व्हॉल्व्ह स्प्रिंगशिवाय बसवा, टॅपेट (कॅमवर बसून व्हॉल्व्हला वर ढकलणारा भाग) पूर्ण खाली असेल असं इंजिन फिरवा, गॅप मोजा. कमी असेल तर टोक ग्राइंडरच्या बाजूला काटकोनात धरून अगदी थोडं घासा, गार करा, पुन्हा मोजा. तिरकं घासलं तर दांडी गाइडमध्ये एका बाजूला रेटली जाते. जास्त घासलं गेलं तर परत भरता येत नाही, म्हणून प्रत्येक वेळी मोजायचं.

रॉकरवाल्याला हे काम हेड बसवल्यावर. गॅस्केट नवं, पृष्ठभाग कोरडे. पुशरॉडची खालची टोकं टॅपेटच्या वाटीत बसली आहेत ना ते हाताने चाचपून बघा. बोल्ट आडव्या-तिडव्या क्रमाने तीन टप्प्यांत आवळा. जीएक्स १६० ला शेवटचा टॉर्क २४ न्यूटन मीटर. मग पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणा. दोन्ही रॉकर हाताने किंचित हलले पाहिजेत. एक जरी ताठ असेल तर तुम्ही एक्झॉस्टच्या टोकाला आहात, एक वळसा पुढे न्या.

त्याच इंजिनाला गॅप इनलेटला ०.१५ आणि एक्झॉस्टला ०.२० मिलिमीटर, म्हणजे साधारण सहा आणि आठ थाउ (इंचाचा हजारावा भाग). ०.०२ इकडे-तिकडे चालतं. दुसऱ्या इंजिनाला त्याच्या पुस्तकातला आकडा घ्या. पाती किंचित घसटून सरकली पाहिजे, अडकून नव्हे. लॉकनट आवळताना गॅप हलते, म्हणून आवळल्यावर पुन्हा पाती घाला.

"टकटक ऐकू येते, जरा घट्ट करा" असं गिऱ्हाईक म्हणतं. तिथे ऐकू नका. थंड इंजिनाची हलकी टकटक ही गॅप जागेवर असल्याची खूण आहे. ती बंद करायला गेलं की महिन्याभरात व्हॉल्व्ह करपतो.

१०. सुरू करणे

प्लग काढून इंजिन हाताने दोन पूर्ण वळसे फिरवा. कुठे अडलं तर जोर लावू नका, उघडून बघा. ऑइल नवं भरा. एअर फिल्टर धुऊन किंवा बदलून बसवा, कारण उसातली धूळ आत गेली की ती पेस्टचंच काम करते.

पहिली दहा मिनिटं भाराशिवाय. रॉकेलवर चालणारं इंजिन पूर्ण तापल्याशिवाय रॉकेलवर घेऊ नका. थंड इंजिनात रॉकेल नीट जळत नाही, कार्बन धरतं आणि ऑइलमध्ये उतरतं. बंद करताना आधी पेट्रोलवर आणून मग बंद करा.

पाच-सहा तास पाणी ओढून झालं की इंजिन रात्रभर थांबवा आणि सकाळी गॅप पुन्हा मोजा. नवी घासलेली जोडी या काळात थोडी बसते आणि एक्झॉस्टची गॅप किंचित कमी झालेली मिळते. ती परत लावा आणि तारीख, दोन्ही आकडे ऑइल पेंटने टाकीखालच्या पत्र्यावर लिहून ठेवा. कडोलीच्या त्या इंजिनावर 'इन १५, एक्झॉस्ट २०' असं पांढऱ्या रंगात लिहिलेलं आहे. काका आता दर हंगामाच्या सुरुवातीला झाकण काढून पाती स्वतःच घालतात.